गर्भिणीचा दोन दिवसांचा प्रवास : निषेध की नियोजन?

चिकित्सालयात गर्भिणीकडून अथवा तिच्या नातलगांकडून येणाऱ्या प्रश्नांपैकी एक प्रश्न असा आहे की, तो पूर्ण होण्याआधीच आपण त्याचे उत्तर देऊन मोकळे होतो. "डॉक्टर, शनिवार-रविवार जरा बाहेरगावी जाऊन आलो तर..." एवढे शब्द कानी पडताच आपण "नको" म्हणतो आणि पुढच्या रुग्णाचे कागद हाती घेतो. या 'नको'ला शास्त्राचा आधार आहे, घरातील ज्येष्ठांची संमती आहे आणि वैद्याच्या दृष्टीने त्यात कोणतीही जोखीम नाही. रुग्णा गेलीच नाही म्हणजे काही झालेही नाही. परंतु इतक्या वर्षांच्या व्यवसायानंतर आमचे मत असे झाले आहे की, आपला हा 'नको' पुष्कळदा शास्त्रीय नसून केवळ सोयीचा असतो. आणि त्या सोयीची किंमत ती स्त्री मोजते.

गेल्या फेब्रुवारीतील गोष्ट. लातूरच्या मार्केट यार्डातील एका आडत दुकानात दिवाणजी असलेला तरुण पत्नीला घेऊन आमच्याकडे आला. सतरावा आठवडा चालू होता. पहिले तीन महिने वांत्यांनी अगदी हैराण केलेले, आता कुठे अन्न पचू लागले होते. दोन खोल्यांचे घर, त्यात सासूसासरे, दीर आणि येणारेजाणारे. नात्यातील कोणी जोडपे अशाच दिवसांत थंड हवेच्या ठिकाणी जाऊन आले होते आणि त्याची छायाचित्रे मोबाइलवर घरोघर फिरली होती. त्याला हल्ली 'बेबीमून' म्हणतात, हे त्या तरुणाने आम्हांस काहीसे लाजतच सांगितले. महाबळेश्वरला जावे, एक रात्र राहावे, असा त्यांचा बेत होता. हाताशी एकूण पाच हजार रुपये. पत्नी काही बोलत नव्हती, परंतु तिचे सारे लक्ष आमच्या तोंडाकडे होते.

'नको' अगदी ओठांवर आले होते. ते आम्ही गिळले, याचे कारण काही वर्षांपूर्वीची दुसरी एक गर्भिणी.

तीही पाचव्या महिन्यात होती. घरच्यांना माहूरला रेणुकामातेच्या दर्शनास जायचे होते, तिचीही इच्छा होती. आम्ही नेहमीप्रमाणे 'प्रवास वर्ज्य' असे सांगितले, आणि सांगण्याचा स्वरही काही मऊ नव्हता. दहा-बारा दिवसांनी ती उदरशूल आणि किंचित रक्तस्राव घेऊन आली. काही जड उचलले का, पडलात का, असे विचारता पाण्याचा हंडा उचलल्याचे तिने सांगितले. तेवढ्यावर विसंबून आम्ही चिठ्ठी लिहिली आणि तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठविले. तिथेही तिने हंड्याचीच गोष्ट सांगितली. सुदैवाने गर्भ टिकला. बाळंतपणानंतर बाळाला दाखवायला आणले तेव्हा सासूबाईंच्या बोलण्यातून खरे बाहेर आले. घरची नऊ माणसे एका जीपमध्ये कोंबून माहूरला गेली होती. ही मागच्या आडव्या बाकावर होती, जाताना आणि येतानाही. "तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नाही," हे तिचे शब्द.

प्रवासामुळेच तो स्राव झाला असे आम्ही म्हणू शकत नाही. तसे म्हणण्यास पुरावा नाही. परंतु निदानपंचकातील हेतू शोधणारा वैद्य स्वतःच हेतू लपविण्याचे कारण झाला, ही बोचणी राहिली. आमच्या 'नको'ने प्रवास थांबला नाही. फक्त तो आमच्या सल्ल्यावाचून झाला. जीपऐवजी एसटीच्या मधल्या आसनावरून जा, एवढे जरी सांगितले असते तरी त्या 'नको'पेक्षा ते अधिक उपयोगी पडले असते.

आता शास्त्राकडे वळू, कारण सुज्ञ वाचकांच्या मनात सुश्रुताचार्यांचे वचन एव्हाना आलेच असेल. शारीरस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात गर्भिणीने टाळावयाच्या गोष्टींत व्यवाय, व्यायाम, दिवास्वप्न, रात्रिजागरण, शोक, भय, उत्कटुकासन आणि वेगविधारण यांच्या बरोबरीने यानारोहण स्पष्ट सांगितले आहे. यात वाद नाही. परंतु त्याच अध्यायात थोडे पुढे दौहृदाचे वर्णन येते. गर्भिणीला काय काय हवेसे वाटते आणि त्यावरून अपत्य कसे होईल, याची जी यादी तेथे आहे तीत केवळ आंबट-चिंबट पदार्थ नाहीत. राजाचे दर्शन घ्यावे, आश्रमात जावे, देवतेची प्रतिमा पाहावी अशा इच्छाही तेथे नोंदविल्या आहेत. ही दौहृदे पुरविली नाहीत तर गर्भाला बाधा होते, हेही तेच आचार्य सांगतात. आश्रम काही गर्भिणीच्या अंगणात नसतो. मग ती तेथे कशी जाणार होती? एकाच अध्यायात यान निषिद्ध आणि आश्रमदर्शन आवश्यक, हा विरोध आहे की आपले वाचन अपुरे आहे?

चरकाचार्यांचे शारीरस्थान यासोबत वाचले की हा विरोध मावळतो, असे आम्हांस वाटते. जातिसूत्रीय अध्यायात गर्भोपघातकर भाव सांगताना त्यांनी यान सरसकट निषिद्ध केलेले नाही, तर अतिमात्र संक्षोभ करणाऱ्या यानाने जाणे निषिद्ध केले आहे. दोष यानाचा नाही, संक्षोभाचा आहे. त्याच अध्यायात काठोकाठ भरलेल्या तेलपात्राची उपमा आहे. गर्भिणीचा उपचार असा करावा की जणू ते पात्र हिंदकळू न देता न्यायचे आहे. आपण ही उपमा व्याख्यानांतून भक्तिभावाने सांगतो; पण तेलाचे पात्र हिंदकळू न देता *नेता येते*, हा तिच्यातील अर्धा भाग मात्र विसरतो. पात्र कोनाड्यात ठेवून द्यावे असे आचार्यांनी म्हटलेले नाही.

आणि या सर्वांहून आम्हांस महत्त्वाचे वाटते ते महती गर्भावक्रान्ति अध्यायातील मार्गदर्शन. गर्भिणीची इच्छा तीव्र असेल तर अहितकर वस्तूदेखील हितकर द्रव्यांची जोड देऊन तिला द्यावी, इच्छेचा सरळ अवरोध करू नये, असा त्याचा आशय आहे. चिंच मागणाऱ्या गर्भिणीला आपण हे तत्त्व लावतो. गूळ घालून, थोडी, जेवणासोबत, असे सांगतो. तेच तत्त्व प्रवासाला का लावू नये? प्रवासाचे नियोजन म्हणजे अहिताला हिताची जोड देणे, याखेरीज दुसरे काय?

काळाचा विचारही आपल्या ग्रंथांत तयारच आहे. दौहृदाचा काळ चरकांनी तिसरा व सुश्रुतांनी चौथा महिना सांगितला. चौथ्यात गर्भाला स्थिरत्व येते. सातव्यात गर्भिणी सर्वथा क्लान्त होते आणि आठव्यात ओज अस्थिर असते, ते मातेकडून गर्भाकडे व गर्भाकडून मातेकडे ये-जा करते. आधुनिक प्रसूतिशास्त्रही साधारण चौदाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यांचा काळ प्रवासास त्यातल्या त्यात बरा मानते. उत्क्लेश शमलेला असतो, गर्भपाताचा संभव घटलेला असतो, पोट अजून आवाक्यात असते. दोन शास्त्रे वेगवेगळ्या वाटांनी एका मुक्कामाला येतात तेव्हा आपण त्याचा उपयोग करावा. पहिले तीन व शेवटचे तीन महिने आम्ही आजही प्रवास नको म्हणतो, पण तो 'नको' सकारण असतो.

मधल्या काळातही सर्वांना मुभा नाही. पूर्वी वारंवार गर्भस्राव झालेले, गर्भाशयमुखास टाका घातलेला, वार खाली असलेली, जुळे, रक्तदाब वाढलेला, या गरोदरपणात एकदाही रक्त दिसलेले, रक्तक्षय तीव्र असलेली, यांना घरीच थांबवावे. येथे एक अप्रिय गोष्टही बोलून टाकतो. यांपैकी निम्म्या गोष्टी नाडीवरून कळत नाहीत. सोनोग्राफीचा अहवाल पाहिल्याखेरीज व ती जिच्याकडे नोंदलेली आहे त्या स्त्रीरोगतज्ज्ञाचा होकार घेतल्याखेरीज आपण परवानगीची भाषा करू नये. त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

आमच्या दिवाणजीच्या पत्नीबाबत हे सर्व ठीक होते. तेव्हा प्रश्न उरला स्थळाचा. महाबळेश्वरावर आम्ही फुली मारली ती थंड हवेमुळे नव्हे. लातुरापासून जवळजवळ सबंध दिवसाचा रस्ता, शेवटी पसरणीचा घाट, नुकत्याच वांत्या थांबलेल्या स्त्रीला त्या वळणांवरून नेणे, आणि दोन दिवसांतले दीड दिवस वाहनातच. पाच हजारांतील बहुतेक पैसे डिझेलवर जाणार. खर्चाचा हिशेब आणि संक्षोभाचा हिशेब येथे एकच उत्तर देतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे. जवळचे ठिकाण स्वस्तही असते आणि सुखकरही.

आपल्या दोन जिल्ह्यांतच काय आहे, याची त्यांच्यासमोर बसून उजळणी केली. माहूर बाद, नांदेडहून शंभराहून अधिक किलोमीटर, डोंगर आणि पायऱ्या. सहस्रकुंडाचा धबधबा पावसाळ्यात पाहण्यासारखा, परंतु ओल्या खडकांवरून चालणे आले. शिवाय गर्भिणीने वारंवार पाहू नयेत अशा स्थळांत चरकांनी प्रपात घातलेलाच आहे. (हे वचन वाचताना आम्हांस नेहमी वाटते की, आचार्यांना कड्याच्या टोकावर उभे राहून छायाचित्रे काढून घेणाऱ्यांची आधीच कल्पना होती की काय.) उनकेश्वरला उन्हाळी झरे आहेत. तेथील गरम पाण्यात बसणे गर्भिणीला सर्वथा वर्ज्य, मग केवळ झरा बघायला इतक्या लांब कशाला? खरोसा येथील लेणी सुंदर, पण चढ आहे. कंधार व औसा येथील किल्ले चौथ्या महिन्यातील सशक्त स्त्रीला सकाळच्या वेळी सपाटीपुरते पाहता येतील. बुरुजावर जाऊ नये. वडवळ नागनाथच्या बेटाचे नाव निघाले तेव्हा आम्हीच थोडे हळवे झालो. औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या टेकडीवर विद्यार्थिदशेत आम्ही हिंडलेलो आहोत. परंतु खडकाळ पायवाट ती खडकाळच, आणि आपल्या आवडीची स्थळे रुग्णेच्या माथी मारू नयेत.

शेवटी ठरले ते नांदेड. तिने स्वतःच सुचविले. शाळेच्या सहलीत एकदा सचखंड हुजूर साहिब पाहिले होते, तेथील संध्याकाळ तिला आठवत होती. देवस्थान पाहण्याची इच्छा म्हणजे सुश्रुतांच्या यादीतलेच दौहृद; आम्हांस आणखी काय हवे होते?

लातूर ते नांदेड रस्त्याने सुमारे १४० किलोमीटर. चाकूर, अहमदपूर, माळेगाव, लोहा अशी गावे लागतात. हा तुळजापूरहून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१. आमच्या विद्यार्थिदशेत याच वाटेने एसटीने जाताना जी हाडे खिळखिळी होत, तो प्रकार आता राहिलेला नाही. रेल्वेने जायचे तर लातूर रोड, परळी, परभणी, पूर्णा असा मोठा वळसा पडतो. एरवी गर्भिणीसाठी आम्ही रेल्वेच श्रेष्ठ मानतो. संक्षोभ कमी, पाय पसरता येतात, उठून चालता येते, शौचालय जवळ असते, आणि आरक्षणात गर्भवतींसाठी खालच्या बर्थचा कोटा आहे, जो आपल्या रुग्णांपैकी फारच थोड्यांना माहीत असतो. पण या विशिष्ट प्रवासात वेळेचा विचार करता बस योग्य ठरली. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट लागू झाले आहे, तेव्हा खर्चाचाही प्रश्न नव्हता.

बसमध्ये कोठे बसावे, हे कोणत्याही ग्रंथात नाही, ते आपण सांगायचे असते. मागच्या चाकांवरील आणि त्यामागील आसनावर धक्का सर्वाधिक. पुढच्या व मागच्या चाकांच्या मधोमध तो सर्वांत कमी. आसन कडेचे घ्यावे, म्हणजे उठता येते. कमरेमागे घडी केलेली गोधडी. तासा-दीड तासाने बस थांब्यावर उभी राहिली की खाली उतरून चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे फिरवीत राहावे. गर्भावस्थेत एकाच जागी फार वेळ बसल्याने पायांच्या शिरांमध्ये रक्त साकळण्याचा धोका वाढतो आणि तो थोपविण्याचा उपाय इतका साधा आहे. खाजगी गाडीने जाणाऱ्यांना पट्टा लावावा की नाही, हा प्रश्न हमखास पडतो. लावावाच. खालचा पट्टा पोटावरून नव्हे तर पोटाच्या खालून, कटीच्या अस्थींवरून, आणि तिरपा पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून जाईल असा.

आता वेगविधारणाकडे येतो. आमच्या दृष्टीने आपल्या भागातील गर्भिणीच्या प्रवासातला खरा दोष हा आहे. खड्डे नव्हेत. बसस्थानकावरील स्वच्छतागृहाच्या भीतीने आपल्याकडील स्त्रिया प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी पिणे सोडतात, आणि वाटेत आलेला वेग तीन-चार तास धरून ठेवतात. गर्भिणीला मूत्रमार्गाचा दाह व जंतुसंसर्ग चटकन होतो आणि त्यातून अकाली कळा येऊ शकतात, हे आपण जाणतो. सुश्रुतांच्या यादीत यानारोहण आणि वेगविधारण एकाच वाक्यात आले आहे. आपण पहिले सांगतो आणि दुसरे गाळतो! दिवाणजीला आम्ही बजावले की, चाकूर, अहमदपूर किंवा लोहा, जेथे गाडी थांबेल तेथे तू स्वतः खाली उतरायचे, स्वच्छतागृह कसे आहे ते पाहायचे, ठीक नसेल तर जवळच्या खानावळीत विचारायचे. वाहकाला आधीच सांगून ठेवायचे. नवरा म्हणून त्या दिवशी तुझे मुख्य काम हेच. तो हसला, पण त्याने ते केले.

अन्नाविषयी फार सांगावे लागले नाही, कारण सासूबाईंनी तो भाग हाती घेतला. दुधात भिजवलेल्या दशम्या, थोडे धपाटे, तिखट न घातलेली चटणी, राजगिऱ्याचे लाडू, मनुका, उकळून गार केलेले पाणी. मराठवाड्याची ही प्रवासाची शिदोरी कोणत्याही पथ्यपत्रकाहून सरस आहे. नांदेडला लंगरमध्ये ताजे, गरम, साधे जेवण मिळते. बाहेरच्या तर्रीचे मिसळ-पोहे आणि रस्त्यावरचा उसाचा रस तेवढा टाळावयास सांगितला.

मुक्कामासाठी गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासातील खोली अल्प शुल्कात मिळाली. तळमजल्याची मागा, एवढेच आम्ही सुचविले होते. दर्शन सकाळी लवकर, उन्हाने फरशी तापण्यापूर्वी. दुपारी दोन्ही पाय उशीवर ठेवून विश्रांती. संध्याकाळी नगीना घाटावर बसावे, मात्र घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाऊ नये. रविवारी विष्णुपुरीला काळेश्वर मंदिर पाहावे, जलाशयाच्या काठी थोडे टेकावे आणि दुपारची गाडी धरावी. यापेक्षा एकही स्थळ अधिक नाही. दोन दिवसांत सात ठिकाणे उरकण्याची जी आपली रीत आहे, ती थकवा देते. प्रवास देत नाही. फेब्रुवारीचा महिना होता म्हणून हे जमले. होला मोहल्ला, दसरा-दिवाळीचे दिवस किंवा माळेगावच्या यात्रेच्या सुमारास आम्ही हो म्हटले नसते, आणि एप्रिल-मे मधील आपल्याकडचा उन्हाळा तर निरोगी माणसालाही घराबाहेर पडू देत नाही.

जवळ काय ठेवायचे, तेही चिठ्ठीवर लिहिले. माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचा शेवटचा अहवाल, चालू गोळ्या, रक्तगट. कोणती लक्षणे दिसताच सहल तेथेच सोडावयाची, तेही लिहिले. रक्त दिसणे, पाणी जाणे, थांबून थांबून पोट आवळणे, तीव्र डोकेदुखीसह डोळ्यांपुढे अंधारी, ताप, लघवीची आग. आणि ज्यांना गर्भस्पंदन जाणवू लागले आहे त्यांना ते मंदावल्याचे जाणवणे. अशा वेळी घरी परतण्याची घाई करू नये. असेल तेथून जवळच्या प्रसूती विभागात जावे. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातुरात विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, आणि वाटेसाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात उपलब्ध आहे. महाबळेश्वर किंवा माहूर यांऐवजी नांदेड निवडण्यात हाही विचार होता, तो मात्र आम्ही त्या दोघांना घाबरवायचे नाही म्हणून शेवटी सांगितला.

या अंकाच्या वाचकांत औषधालयांचे मालकही आहेत, म्हणून दोन शब्द त्यांच्याशी. गर्भिणी प्रवासाला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तिचा नवरा तुमच्या दुकानात येतो आणि "पोट साफ व्हायचं काहीतरी द्या, गाडीत त्रास नको" म्हणतो. कोणासाठी, हे तो सांगत नाही; विचारले तरच कळते. सोनामुखीयुक्त चूर्णे, एरंडेल, कोरफडीचे कल्प या गोष्टी त्या वेळी त्याच्या हाती पडता कामा नयेत. गर्भिणीला विरेचन वर्ज्य, हे तुम्हांला आम्ही सांगायला नको. "वनौषधी आहे, अपाय नाही" हे वाक्य काउंटरवर फार सहज उच्चारले जाते आणि आपल्या शास्त्राचा त्याहून मोठा अपमान नाही. ज्याला गुण आहे त्याला दोषही असणारच. कोणासाठी आणि कितवा महिना, एवढे दोन प्रश्न विचारावेत. वांतीच्या भीतीने येणाऱ्याला आलेपाकाची वडी, लाह्या, खडीसाखर सुचवावी; याहून अधिक हवे असेल तर वैद्याकडे पाठवावे. त्यात तुमची विक्री थोडी घटेल. घटू द्यावी.

आणि वैद्यबंधूंशीही, जरा नाइलाजाने. आपल्यातील काही जण गर्भसंस्काराच्या नावाने निवासी शिबिरे घेतात. शहरापासून दूर एखादे रिसॉर्ट, दोन दिवस, संगीत, ध्यान, सात्त्विक भोजन, आणि शुल्क असे की दिवाणजीचे पाच हजार दाराशीच संपावेत. त्यांच्या पत्रकांत तेथवर होणाऱ्या प्रवासाविषयी एक अक्षरही नसते. एरवी यानारोहण निषिद्ध म्हणणारे आपण, आपल्याच शिबिराला येणाऱ्या गर्भिणीचे यान मात्र विसरतो काय? शिबिरे घेऊ नयेत असे आमचे म्हणणे नाही. पण जी मोकळीक आपण शुल्क घेऊन देतो तीच विनामूल्य मागणाऱ्या स्त्रीला 'नको' म्हणणे, हे आम्हांस पटत नाही.

याच मराठवाड्यातून दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रकच्या हौद्यात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, संसाराच्या सामानावर बसून गर्भिणी शेकडो किलोमीटर जातात. सातव्या महिन्यात जातात, आठव्यात जातात. अतिमात्र संक्षोभी यानाचे याहून नेमके उदाहरण सापडणार नाही. त्या आपल्याला विचारायला येत नाहीत, कारण त्यांच्या प्रवासाला पर्यायच नाही. आपला 'नको' मग कोणासाठी उरतो? जिला दोन दिवस मोकळा श्वास हवा आहे तिच्यासाठी. हा प्रश्न या लेखाच्या आवाक्याबाहेरचा आहे हे आम्ही जाणतो, तथापि तो आम्हांला टोचतो. मुखेड-कंधार किंवा अहमदपूर-जळकोट भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्यांनी टोळी निघण्यापूर्वी एखाद्या रविवारी गावात जाऊन अशा स्त्रियांची तपासणी केली, कोणी किमान पुढे चालकाजवळ बसावे एवढे मुकादमाला सांगितले, आणि कार्ड सोबत नेण्याची आठवण दिली, तरी पुष्कळ होईल. असे कोणी करीत असल्यास त्यांनी आपला अनुभव या अंकाकडे जरूर लिहून पाठवावा.

ते जोडपे रविवारी रात्री परत आले. सोमवारी दोघे चिकित्सालयात हजर. रक्तदाब, पायांची सूज पाहिली, लघवीची तक्रार नाही, झोप उत्तम. पाच हजारांतले सोळाशे रुपये उरल्याचे त्याने अभिमानाने सांगितले. तिने काय पाहिले हे आम्ही विचारले, तेव्हा ती म्हणाली की, दुपारभर कोणी हाक मारली नाही आणि ती तीन तास झोपली. घाटाचे, मंदिराचे नाव तिने नंतर घेतले.

आणि आमचा 'नको' पूर्णपणे संपला आहे असेही नाही. मागच्याच आठवड्यात उदगीरकडची एक गर्भिणी तुळजापूरला जायची परवानगी मागत होती. बत्तिसावा आठवडा, पायांवर सूज, रक्तदाब १५० वर ९६. आम्ही तिला स्टुलावर बसविले, यंत्रावरचा आकडा तिच्या पतीलाही दाखविला, आठव्या महिन्यातील ओजाची अस्थिरता सोप्या शब्दांत सांगितली, आणि आज प्रवास तुळजापूरचा नव्हे तर शासकीय रुग्णालयाचा करायचा आहे असे सांगून चिठ्ठी लिहिली. तिने वाद घातला नाही. फक्त विचारले की, नवरा एकटा जाऊन देवीचे कुंकू घेऊन आला तर चालेल ना. चालेल, म्हटले.